बक्षिसामागचे हात



इंदूर शहरात कान्ह नदीच्या काठी लालबाग नावाचा होळकरांचा राजवाडा आहे. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, १८८६ साली, त्याच्या कामास आरंभ झाला व तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १९२१ साली, ते पूर्ण झाले. त्याचे मोठे दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांसारखे घडविलेले आहेत. आता तेथे राजा नाही की दरबार नाही. त्याच्या आवारात माळवा उत्सव भरतो आणि गावोगावचे लोककलावंत सामान्य जनांपुढे आपली कला सादर करतात.

गुणी माणसाचा गौरव करण्याची या नगरीची रीत जुनी आहे. पखवाजाचे थोर वादक नाना पानसे यांना होळकरांच्या दरबारी आश्रय होता. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले आणि त्यांच्या गायकीस इंदूरचेच नाव मिळाले. लता मंगेशकर यांचा जन्मही येथलाच, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यांच्या नावाने मध्य प्रदेश शासनाने १९८४ साली सुगम संगीतासाठी पुरस्कार सुरू केला. पहिला मान संगीतकार नौशाद यांना मिळाला. पुढे किशोरकुमार, मन्ना डे आणि कोचीच्या कॅथलिक घराण्यात जन्मलेले येशुदास यांचाही त्याने सन्मान झाला.

पूर्वी राजा देई, आता शासन देते. परंतु व्यासपीठावर कोण चढतो व खाली कोण राहतो, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

हाच पुरस्कार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीलाही लाभला. त्यांतील प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते अँथनी गोन्साल्विस. गोव्यातील माजोर्डे गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. स्वरलेखनाची विद्या मुलाला घरातच मिळाली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अशा कितीतरी गोवेकर वादकांनी आयुष्य वेचले. संगीतकाराने चाल बांधावी आणि कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे यांनी कागदावर उतरवावे, असा क्रम होता. चित्रपटाच्या नामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच येत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफविले. ते देशभर लोकांच्या तोंडी झाले. पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते गोव्यातच निवर्तले.

हे आम्ही सांगतो याचे कारण घराजवळचे आहे. नाताळच्या दिवसांत आपल्या गावांतून गायनस्पर्धा होतात आणि बक्षिसे देण्यासाठी कधी कधी आम्हांसही बोलावणे येते. चषक देणे दिसते तितके सोपे नाही. निकाल ऐकताच एखादा संघ सभा संपण्यापूर्वी उठून गेलेला आम्ही पाहिला आहे. एका गावी तर त्या रुसव्यापायी पुढच्या रविवारी मिस्सेला गायकांचे बाक रिकामे राहिले. देवाच्या स्तुतीसाठी उघडलेली तोंडे एका चषकापायी मिटावीत, याहून मोठा तोटा कोणता?

म्हणून आमच्या मनात आलेल्या दोन-तीन गोष्टी वाचकांपुढे ठेवतो. परीक्षकांनी निकालाबरोबर त्याची कारणेही सांगावीत; ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांचे काय चांगले होते, तेही सांगावे. पाहुण्याने भाषण आवरते घ्यावे. ती रात्र त्याची नव्हे, गाणाऱ्यांची आहे. आणि संघाचे नाव पुकारताना पेटी वाजविणाऱ्याचे, तबलजीचे आणि पोरांना महिनाभर रात्री बसवून चाली शिकविणाऱ्या मास्तरांचे नावही पुकारावे. त्यास पैसा लागत नाही.

२२ नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिचा सण. त्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वृद्ध गायक-वादकांना पुढच्या बाकावर बसवावे. ज्यांचा आवाज आता फुटत नाही, त्यांच्या आवाजावरच आपले बालपणीचे नाताळ उभे होते. त्यांच्या अंत्यविधीला आपण गुण गातोच. ते त्यांच्या कानी पडतील अशा वेळी गाइले तर काय बिघडेल?

प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानावयास परतला तो एकच. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. तो प्रश्न आपल्या गावासही लागू आहे. यंदाच्या नाताळात बक्षीस कोणासही मिळो, परतून येणाऱ्यांत आपण असावे.