‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी...

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. पहिली ते दहावी ‘मे आय कम इन, मिस?’ करण्यात गेली. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने पोटात गोळाच आला! पण हा विषय गेली अडीच वर्षं डोक्यात घोळतोय. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या, मुद्दा मात्र सोडू नका.

माझं गाव वालूर. परभणी जिल्हा, सेलू तालुका. हल्ली गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, “गोल पायऱ्यांची बारव आहे तेच ना?” हो, तेच. बारवेकडे शेवटी येते, आधी माझ्या काकांच्या दुकानात चला.

काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथेच एका कॉम्प्युटरवर ते लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. गोष्ट जुलै २०२३ ची. माझी बारावी झाली होती, सीईटीचा निकाल लागला होता आणि कॅप राऊंडची वाट बघत मी गावी बसले होते. त्याच खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता (ती योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली). शेवटची तारीख ३१ जुलै. पुढे ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते तेव्हा कुणाला माहीत? सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली. आणि २८ तारखेला कॉम्प्युटर बसला!

बसला म्हणजे कसा? चालू केला की काळ्या पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१’. एफ१ दाबलं की विंडोज सुरू, दहा मिनिटांत आपोआप बंद. काकांनी तो मोटरसायकलवर बांधून शहरातल्या एका दुकानात नेला. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला. “फॅनचं कनेक्टर डेड आहे. बोर्ड गेला. हा सॉकेट आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर बदला, रॅमपण बदला.” खर्च साडेनऊ हजार आणि माल यायला चार दिवस. काका तसेच परत आले आणि मला म्हणाले, “बाई, तू इंजिनिअरिंगला चाललीस ना, बघ की जरा.”

मला काय येत होतं? काही नाही! बारावीच्या फिजिक्समध्ये ट्रान्झिस्टर होता, पण तो कागदावर. शेवटी मी शेजारच्या मोटार वाइंडिंगवाल्या मामांना हाक मारली. मामा सातवी शिकलेले. आयुष्य पाण्यातल्या मोटारी भरण्यात गेलेलं. त्यांनी मल्टिमीटर आणला आणि एक वाक्य म्हणाले, जे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. “पोरी, आधी लाईट येऊ लागली का बघ. मग मोटारीला नाव ठेव.”

मग आम्ही कॅबिनेट उघडलं. मुख्य वायर काढून आधी पंखा बोटाने फिरवून पाहिला. छान मोकळा फिरला, म्हणजे जाम नव्हता. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला. फरक नाही. मग तोच पंखा बोर्डावरच्या दुसऱ्या, सिस्टिम फॅनच्या जागेवर लावला आणि मशीन चालू केलं. पंखा गरगर फिरला! म्हणजे पंखा ठणठणीत, आणि बोर्डही मेलेला नाही. पहिली जागा तेवढी मेलेली.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. या कनेक्टरला चार पिना असतात. पहिली ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट. तिसरीवरून पंखा बोर्डाला आपला वेग कळवतो. दर फेऱ्याला दोन पल्स, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे असतील तर सेकंदाला ४० पल्स. चौथी पिन पीडब्ल्यूएमची. तिच्यावरून बोर्ड २५ किलोहर्ट्झच्या सिग्नलने पंख्याला ‘हळू’ किंवा ‘जोरात’ असं सांगतो. बोर्डावर प्लॅस्टिकची जी उभी पट्टी असते, ती पहिल्या तीन पिनांच्या मागे येते आणि चौथी बाहेर राहते. म्हणूनच जुना तीन पिनांचा पंखाही तिथे बसतो. वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा रंगावर नाही, जागेवर विश्वास ठेवा.

मामांनी मीटरच्या टोकांना टेप गुंडाळून फक्त अणी उघड्या ठेवल्या, शेजारच्या पिनेला चुकून लागू नये म्हणून. पहिल्या आणि दुसऱ्या पिनेमध्ये मोजलं. शून्य! १२ व्होल्ट येतच नव्हते.

पण का? कारण कॅबिनेटमध्येच लोंबकळत होतं. मे महिन्यात उकाडा फार झाला म्हणून माझ्या चुलतभावाने स्प्लिटर लावून त्याच एका कनेक्टरवर आणखी दोन मोठे पंखे जोडले होते. त्यांच्या मागचं लेबल वाचलं: प्रत्येकी ०.६० अँपिअर. मूळ पंखा ०.३०. बेरीज दीड अँपिअर. आणि अशा कनेक्टरची ताकद साधारण एक अँपिअरच असते, म्हणजे १२ वॉट. चालू होतानाचा झटका तर त्याहून जास्त. दोन महिने टिकलं हेच नशीब!

आता उपाय. पंखा दुसऱ्या जागेवर चालत होताच, पण तिथे ठेवला तर सीपीयूच्या जागी वेगाचा सिग्नल येत नाही, आणि दर वेळी तीच एरर. बायोसमध्ये जाऊन ‘इग्नोर’ करता येतं. पण मग उद्या पंखा खरंच थांबला तर सांगणार कोण? मामांनी डोकं लढवलं. त्या स्प्लिटरचीच वायर कापली. १२ व्होल्ट आणि ग्राउंड पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरवरून थेट घेतले (पिवळी १२ ची, काळी ग्राउंडची, लाल पाच व्होल्टची, तिला हात लावायचा नाही). वेग सांगणारी एकटी वायर तेवढी जुन्या जागेच्या तिसऱ्या पिनेवर बसवली. जोडांवर मोटारीत वापरतात ती स्लीव्ह चढवली. पीडब्ल्यूएमची वायर मोकळी राहिली की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. आवाज जास्त, पण चालतंय. चालू केलं. एरर गायब, बायोसमध्ये वेगाचा आकडाही दिसला! खर्च शून्य. रात्री साडेअकरापर्यंत काकांनी फॉर्म भरले.

असो! माझं कौतुक करून घ्यायला हे लिहिलेलं नाही. कौतुक मामांचं. सांगायचा मुद्दा पुढेच आहे.

त्यानंतर मला प्रवेश मिळाला. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे. पीडब्ल्यूएमवर आठ मार्कांचं उत्तर आकृतीसकट लिहिलं, आठपैकी सात मिळाले. पण या अडीच वर्षांत एकाही प्रॅक्टिकलला मी बंद पडलेल्या बोर्डावर मीटर लावलेला नाही. आपल्या लॅबमध्ये वस्तू दोनच प्रकारच्या असतात: चालू, आणि ‘नॉट वर्किंग’चं स्टिकर लावलेल्या. बंद पडलेली वस्तू का बंद पडली, हा प्रश्न सिलॅबसमध्ये बसत नाही. प्रॅक्टिकलला आउटपुट आलं नाही तर आपण काय करतो? शेजारच्या बॅचचं रीडिंग उतरवतो. खोटं वाटत असेल तर आपापल्या जर्नलवर हात ठेवून सांगा!

हॉस्टेलवरही तेच. मागच्या सेमिस्टरला एकीचा पीसी ऐन सबमिशनच्या आठवड्यात गरम होऊन बंद पडायला लागला. सगळ्यांचं एकमत, “बोर्ड गेला, घरून पैसे मागव.” तिचे बाबा शेतकरी, पैसे मागवणं म्हणजे काय हे तिलाच माहीत. निघालं काय? तीन पिनांचा पंखा होता आणि बायोस रीसेट झाल्यावर ती जागा वेगळ्या मोडमध्ये गेली होती. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात, त्यासाठी डीसी मोड लागतो. कधी कधी तर बोर्ड थंड असेपर्यंत पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, आणि आपण त्याला मेलेला समजतो. ‘बोर्ड गेला’ हे निदान नाही, तो कंटाळा आहे.

याबद्दल मी काही सरांशी बोलले. त्यांची बाजूही खरी आहे. वॉरंटीतलं मशीन उघडलं की वॉरंटी जाते. डेड स्टॉक रजिस्टरवरची वस्तू मोडली तर ऑडिटला उत्तर त्यांना द्यावं लागतं. आणि कुणाला शॉक बसला तर? हे मलाही पटतं. पॉवर सप्लायचा डबा तर कुणीच उघडू नये, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. पण म्हणून १२ व्होल्टच्या पिनेलाही हात लावायचा नाही? सायकल शिकताना गुडघा फुटतो म्हणून कुणी सायकल कुलपात ठेवत नाही.

बाहेर जग याच दिशेने चाललंय. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कायदा ‘दुरुस्त करा’ म्हणेल हो, पण करणारे हात कुठून येणार? आपण चार वर्षं शिकून नुसतं ‘बदला’ म्हणणार असू, तर त्या दुकानदारात आणि आपल्यात फरक एका डिग्रीच्या कागदाचाच.

माझी मागणी फार मोठी नाही. राइट-ऑफ झालेले पाच-सहा बोर्ड, दोन मल्टिमीटर आणि एक टेबल. महिन्यातून एक शनिवार दुपार, एक सर किंवा लॅब असिस्टंट समोर. आणि शक्य असेल तर वाइंडिंगवाल्या मामांसारखा एखादा कारागीर पाहुणा म्हणून, मानधन देऊन. गेस्ट लेक्चरला शाल-श्रीफळ देतोच की आपण!

आता बारव. ती कचऱ्याने आणि गाळाने भरलेली होती. ‘गेली आता’ म्हणून पाठ फिरवणं सोपं होतं. गावातल्या लोकांनी पाठ फिरवली नाही, खाली उतरून गाळ उपसला, तेव्हा त्या गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या पुन्हा दिसल्या. काकांचा कॉम्प्युटरही अजून चालतो. फॅनचा आवाज एवढा येतो की काका म्हणतात, “झोप लागत नाही गिऱ्हाईकाला.”

पुढच्या वेळी तुमच्या रूममध्ये कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं, तर एवढंच विचारा: लाईट येऊ लागली का बघितलं?

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन