पांढरे आभाळ आणि काळवंडलेले चेहरे

आषाढ लागला की आपल्या भागात एक निराळाच उजेड पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी रिते करून आलेले पांढुरके ढग घोड आणि भीमेच्या काठी येऊन थांबतात. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख. त्यामुळे शेतकरी त्या आभाळाकडे पाहून सुस्कारा टाकतो. छायाचित्रकाराला मात्र ते वरदान वाटावे. डोळे मिचकावावे लागत नाहीत, की नाकाची काळी सावली ओठांवर पडत नाही. तरीही या दिवसांत काढलेली आपली छायाचित्रे पाहा. आभाळ राखाडी आणि माणसे काळीठिक्कर!

तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून पुढे जाते, तेव्हाचीच चित्रे घ्या. टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरे, वर आभाळही पांढरे. चेहरा तेवढा उन्हाने रापलेला. छायाचित्रात टोपी येते आणि टोपीखालचा वारकरी हरवतो.

याचे कारण साधे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे, असे धरून चालतो. चौकटीत निम्मे आभाळ आले की त्याला उजेड फार वाटतो आणि तो प्रकाश कमी करतो. नव्या मोबाइलला चेहरा ओळखता येतो खरा. पण गर्दीत आणि लांबच्या माणसांपुढे ती सोय अपुरी पडते.

उपाय जुनाच आहे. फिल्मच्या खोक्यातील कागदावर तो छापलेला असे. आयएसओ १०० आणि १/१२५ सेकंद धरले, तर लख्ख उन्हात एफ/१६, सावलीची कड मऊ झाली की एफ/११ आणि उजळ ढगाळ हवेत सावलीच पडेनाशी झाली की एफ/८. म्हणजे प्रकाश उन्हाच्या चौथ्या हिश्शाइतका. तेव्हा आधी आपल्या पायाशी पाहावे. हा हिशेब माणसावर पडणाऱ्या उजेडाचा असल्याने पांढरी टोपी वा काळी घोंगडी त्याला फसवू शकत नाही. प्रकाशमापकच वापरायचा, तर त्याच उजेडात धरलेल्या तळहातावरून माप घ्यावे आणि झरोका एक घर अधिक उघडावा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवावे. सर्वांत उत्तम म्हणजे कॅमेरा थोडा खाली झुकवून आभाळ वगळावे आणि माणसामागे बाजरीचे शेत किंवा देवळाची दगडी भिंत घ्यावी.

यावर जाणकार म्हणतील, ‘अशाने आभाळ कोरे पडेल.’ पडू द्यावे! त्या आभाळात पाहण्यासारखे होते तरी काय? एक पथ्य मात्र पाळावे. फिल्मची निगेटिव्ह जादा प्रकाश बराच सोसते. डिजिटल कॅमेऱ्यात उडालेला पांढरा रंग परत येत नाही. सदऱ्याच्या चुण्या दिसत राहतील, इतपतच प्रकाश वाढवावा.

हा प्रश्न निव्वळ तंत्राचा आहे असे मला वाटत नाही. अमेरिकेत कोडॅकची रंगछपाई कित्येक वर्षे एका गोऱ्या स्त्रीच्या चित्रावरून जुळवली जात असे. त्या चित्राला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट बसत नसत. यंत्राचे माप कोणाला तरी समोर ठेवून ठरते; ते आपण तपासले नाही, तर आपलीच माणसे आपल्या चित्रांत पुसट होतात. आजची मोबाइलमधली चेहरा गोरा करणारी युक्ती तर याहून वाईट. ती माणूस उजळत नाही, बदलून टाकते. रापलेला चेहरा रापलेलाच दिसावा, पण त्यावरची प्रत्येक सुरकुती वाचता यावी.

वार्षिकांकाच्या छपाईत चित्र आणखी थोडे काळवंडते, हे आपण सारे जाणतो. पुढे कोणी हे अंक चाळील, तेव्हा घोडनदीच्या बाजारातली भाजीवाली आणि दौंड जंक्शनवरचा हमाल त्याला ओळखू यावेत. तेव्हा मित्रहो, येत्या आषाढात कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी एवढेच ठरवा, की माप कोणाचे घ्यायचे : आभाळाचे, की माणसाचे?