मुंबई, पुणे, गोवा की कोल्हापूर? सरकारी यादीत नसलेला सिंधुदुर्गचा हिशेब

सिंधुदुर्गनगरी : ‘झील खंय असता?’ या प्रश्नाला जिल्ह्यात एकेकाळी बहुतेक घरांतून एकच उत्तर यायचे, ‘मुंबयक’. आता कोणी पुणे सांगतो, कोणी म्हापसा, कोणी बेंगळुरू. बारावीचा निकाल लागला की पोराला कुठल्या शहरात पाठवायचे, यावर घरात दोन मते पडतात.

केंद्र सरकारनेही राहण्यास सुलभ शहरांची यादी काढली होती. २०१८ मध्ये पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. मार्च २०२१ मध्ये आलेल्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिले, पुणे दुसरे आणि मुंबई एकदम दहावी. पण गावच्या माणसाचा पहिला प्रश्न यादीत नाही. रात्री घरून फोन आला तर सकाळपर्यंत पोचता येते का?

या एका गोष्टीत मुंबई अजून पुढे आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि रात्री बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. गणपतीत मात्र हाल ठरलेले. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. सीट मिळण्याची मारामारी तीच. आणि मुंबईचा खरा आधार गाडी नव्हतीच, गिरणगावातली गाववाल्यांची खोली होती. नवा पोरगा पेटी घेऊन आला की झोपायची जागा आणि कामाची ओळख तिथेच व्हायची. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पाठोपाठ त्या खोल्याही कमी झाल्या. आजचा चाकरमानी विरार, डोंबिवली, बदलापूरला राहतो आणि दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवतो. तरी गावात तो ‘मुंबईकर’च.

पुण्यात शिक्षण आणि आयटीची कामे आहेत, हवाही बरी. गावाकडे येणे मात्र बहुतेक बसने, घाटातून. पावसाळ्यात दरड आली की वळसा.

गोव्याचे गणित वेगळे. ओरोसहून पणजी शंभर किलोमीटरच्या आत. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची पोरे सकाळी बाईकला किक मारून कामाला जातात आणि जेवायला घरी येतात. भाडे नाही, खानावळ नाही, आई-वडिलांकडे लक्षही राहते. पगार मुंबईपेक्षा कमी असला तरी हातात जास्त उरतो, असे बरेच जण सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण मधे राज्याची हद्द आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सीमा बंद झाली तेव्हा रोज ये-जा करणारे घरी बसले. त्याआधी जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, त्यावर दोडामार्गात आंदोलनही झाले. गोवा सरकारने आपल्या मतदारांचा विचार केला, यात नवल नाही. सिंधुदुर्गचा माणूस तिथे काम करतो, उपचार घेतो, पण मत देत नाही.

फिरायला जायचे तर गोव्याची गंमत इथल्या लोकांना फारशी नाही, समुद्र दारातच आहे. सहकुटुंब जायचे ते कोल्हापूर: अंबाबाई, पन्हाळा, येताना चपला आणि गूळ. त्या कोल्हापूरचे वजन आता वाढले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, सिंधुदुर्ग त्याच कक्षेत येतो. एका तारखेसाठी मुंबईची रात्रगाडी आणि लॉजचे भाडे आता सुटले. घाटरस्ते नीट ठेवले, तर हा फायदा टिकेल.

आणि ओरोस? १ मे १९८१ ला जिल्हा झाला, मुख्यालयासाठी सिंधुदुर्गनगरी आखली गेली. कचेऱ्या आल्या, वस्ती तेवढी आली नाही. बरेच कर्मचारी कुडाळ, कणकवली, सावंतवाडीहून येतात, संध्याकाळी रस्ते रिकामे होतात. २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे तज्ज्ञ डॉक्टर पुरेसे मिळाले आणि टिकले, तर बांबोळीच्या फेऱ्या कमी होतील. त्यासाठी डॉक्टरने कुटुंबासह इथे राहायला हवे, म्हणजे शाळा, घरे, सातनंतर उघडी असलेली चार दुकानेही हवीत.

२००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार ६५१. दहा वर्षांत १९ हजारांवर माणसे घटली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. शिमगा त्यानंतर येतो, त्यामुळे चाकरमानी त्या दिवशी डोंबिवलीतच मोजला जाईल.