सायकलच्या तेलाची कुपी

मैत्रिणींनो, मुलांच्या सायकलची साखळी कुरकुरू लागली की आपण हाताशी असेल ते गोडेतेल सोडतो. माझ्याही हातून हे घडलंय! चार दिवस साखळी गप्प बसली. मग तेल चिकट झालं, त्यावर धूळ बसली आणि तो काळा थर काढता काढता नाकी नऊ आले. यंत्राला यंत्राचंच तेल हवं.

त्यासाठी प्लॅस्टिकची एक कुपी घ्या; लांब, निमुळत्या तोंडाची, टोकाला टोपण असलेली. पांढरट असली तर तेल किती उरलं ते बाहेरून दिसतं. घेताना टोपण लावून कुपी दाबून पाहा. झाकणापाशी हवा निघाली तर उद्या तेलही गळणार.

आधी साखळी फडक्याने पुसा. पेडल उलटं फिरवीत कडीकडीवर एकेक थेंब सोडा. दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. ब्रेकच्या रबराला नि चाकाच्या कडेला मात्र तेल लागू देऊ नका, नाहीतर ऐन वेळी ब्रेक लागायचा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं! हे तेल सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. कुपीवर नाव लिहा, मुलांचा हात पोचणार नाही अशी उंच ठेवा. स्वयंपाकघरात तर नकोच. चुकून मुलाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. कुपी बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.