‘कंटेंट सेम आहे’

विदर्भातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवरचे औषध शिल्लक नसले, तर गिऱ्हाइकाला ‘नाही’ हे उत्तर सहसा मिळत नाही. ‘कंटेंट सेम आहे, कंपनी वेगळी’ असे सांगून दुसरी पट्टी पुढे सरकवली जाते, आणि तापाच्या किंवा पित्ताच्या गोळीपुरते हे वाक्य बहुधा खरेही असते. ते बहुधा खरे असते म्हणूनच घात होतो, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही जिभेवर रुळलेले हे वाक्य ज्या औषधांना पुरते लागू पडत नाही त्यांनाही तितक्याच सहजपणे लावले जाते. पालक आणि डॉक्टर ज्याला सरळ ‘ग्रोथ हार्मोन’ म्हणतात, ते वाढीचे संप्रेरक या दुसऱ्या वर्गातले आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी असून, साधारण चार ते दहा हजार मुलांमागे एखाद्यात ते कमी पडते आणि मग ते रोज रात्री त्वचेखाली टोचून द्यावे लागते. १९५८ मध्ये मॉरिस राबेन यांनी मृतांच्या पीयूषिकेतून काढलेले संप्रेरक देऊन मुलाची उंची वाढवता येते हे दाखवले. १९८५ मध्ये, असे संप्रेरक पूर्वी घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक आजार झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेत ते थांबवले गेले, आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेले संप्रेरक तेथे बाजारात आले. तेव्हापासून ग्रंथींचा तुटवडा संपला, कारखान्यांचा मात्र संपला नाही. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये नॉर्डिट्रोपिन या नावाच्या, संप्रेरक टोचण्याच्या पेना मिळेनाशा झाल्या तेव्हा श्रीमंत देशांतल्या पालकांनाही दुकानोदुकानी फिरावे लागले.

अशा वेळी पर्याय असतो. तो दुकानाच्या फळीवरून उचलण्याजोगा नसतो, इतकेच. रोज टोचण्याच्या सर्व कंपन्यांच्या औषधांतील रेणू एकच, म्हणून डॉक्टर एकीकडून दुसरीकडे नेऊ शकतात. परंतु एका कंपनीचे काडतूस दुसरीच्या पेनमध्ये बसत नाही, द्रावणाची तीव्रता वेगळी असते, आणि एका खोक्यावर मात्रा मिलिग्रॅममध्ये तर दुसऱ्यावर आंतरराष्ट्रीय एककांत छापलेली असते. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन एकके, हा हिशेब काउंटरवर चुकला तर वीस किलो वजनाच्या मुलाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या जागी एक तर त्याचा तिसरा हिस्सा मिळतो किंवा तिप्पट. अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी मान्य होत गेलेली आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधे, म्हणजे लोनापेगसोमाट्रोपिन, सोमापॅसिटान आणि सोमॅट्रोगॉन, ही तर रेणूतच फेरफार केलेली असल्याने त्यांची मात्रा रोजच्या मात्रेला सातने गुणून काढता येत नाही. यातला कायदाही जुना आणि स्पष्ट आहे: १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ (११अ) नुसार, शेड्यूल एचमधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध चिठ्ठीवर लिहिलेले असताना त्याऐवजी दुसरे औषध, मग ते त्याच द्रव्याचे का असेना, विक्रेत्याला परस्पर देता येत नाही. हा नियम अक्षरशः पाळला गेला तर महाराष्ट्रातली निम्मी मेडिकल दुपारपर्यंत ठप्प होतील, ही गोष्ट वेगळी.

पुरवठा खंडित झाल्यास काही दिवसांचे इंजेक्शन चुकल्याने सहसा अनर्थ होत नाही आणि राहिलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचीही नसते. अपवाद दोन: रक्तातील साखर उतरणारे तान्हे बाळ, आणि पीयूषिकेची अनेक संप्रेरके एकाच वेळी कमी असलेले मूल, ज्याची हायड्रोकॉर्टिसोनची स्वस्त गोळी महागड्या इंजेक्शनापेक्षा कितीतरी अधिक निकडीची असते आणि तरीही पालकांची सगळी धावपळ इंजेक्शनासाठीच चाललेली दिसते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र कंपनी कोणती हा प्रश्न येण्यापूर्वीच हवामान आडवे येते. हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, गोठले तर वाया जाते, आणि ज्या मोजक्या पेनांना फ्रिजबाहेर काही आठवडे राहण्याची मुभा आहे तीही बहुधा २५ अंशांपर्यंतच. चंद्रपुरात मे महिन्यात हा पारा मध्यरात्रीसुद्धा क्वचितच दिसतो, दिवसाचा तर ४५ च्या पुढे जातो. इन्सुलिन घेणारी माणसे या भागात शिशी माठात किंवा ओल्या फडक्यात ठेवतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने काही अंशांचा आधार मिळतोही. पावसाळ्याच्या दमट हवेत तोही राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढून भामरागडचा संपर्क तुटतो व वीजही जाते. अशा तालुक्यांत भरवशाचा थंडपणा असतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या आयएलआरमध्ये, म्हणजे कडेने बर्फाचे अस्तर असलेल्या, वीज गेली तरी काही तास तग धरणाऱ्या शीतपेटीत. पण तिच्यात लसींखेरीज काहीही ठेवायचे नाही असा दंडक आहे. झाकण वारंवार उघडले तर लसी बिघडतात, हे कारण रास्तच आहे. परंतु पोलिओच्या थेंबांसाठी थंडाव्याची साखळी जंगलातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेला त्याच केंद्रात इन्सुलिन आणि तत्सम औषधांसाठी एक साधा वेगळा फ्रिज ठेवण्याचे सुचू नये, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

कागदावर वाट आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या दुसऱ्या गटात सिद्ध झालेली संप्रेरक-कमतरता, टर्नर, प्रेडर-विली आणि नूनन या व्याधींसाठीचे ग्रोथ हार्मोन समाविष्ट असून, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा प्रति रुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. ही मदत मिळते ती नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून, आणि महाराष्ट्राच्या वाट्याचे केंद्र आहे परळचे केईएम रुग्णालय. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाला आपले जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच सुमारे दोनशे किलोमीटर पडतात, तेथून नागपूर आणि नागपूरहून पुन्हा आठशेवर किलोमीटर मुंबई.

अर्थात या जिल्ह्यांतले प्रत्येक बुटके मूल संप्रेरकाच्या कमतरतेचे नसते. फारच थोडी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि त्यामागे अपुरे अन्न, वारंवारचे आजार व आईचे कुपोषण हीच कारणे प्रामुख्याने असतात. याच पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि त्या आजाराची मुले हळू वाढतात, वयातही उशिरा येतात. त्यांना हवे असते ते हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड आणि पोटभर जेवण. थायरॉइड, मूत्रपिंड आणि आतड्यांचे विकार तपासून झाल्यावरच संप्रेरकाच्या चाचणीची पाळी येते, जिच्यात एरवी रक्तदाबासाठी दिली जाणारी क्लोनिडीनची गोळी देऊन पेंगुळलेल्या मुलाचे रक्त दोन-एक तासांत पुनःपुन्हा काढले जाते. या सगळ्याच्या आधीची पायरी फुकटची आहे. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे भिंतीवर एक खूण आज आणि एक वर्षाने केली, आणि पुण्याच्या खाडीलकर दांपत्याचा ज्यांत मोठा वाटा आहे ते भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढ-तक्ते समोर धरले, तर निम्मे उत्तर हाती येते.

भिंतीचा उल्लेख निघालाच आहे, तर एसटी स्टँडच्या भिंतींकडे वळणे भाग आहे, कारण उंची हा विषय त्या भिंतींनी केव्हाच ताब्यात घेतला आहे. जाहिरातींवर घसरण्याची या सदराची खोड वाचकांना परिचित आहे, पण येथे इलाज नाही. ज्या गावांत संप्रेरकाचे एकही काडतूस मिळत नाही, तेथे उंची वाढवणाऱ्या चूर्णाचा तुटवडा कधीच पडत नाही. त्याला शीतपेटी लागत नाही आणि चिठ्ठीही लागत नाही. जिमच्या आश्रयाने फिरणारी ‘पेप्टाइडे’, म्हणजे शरीराला स्वतःचेच संप्रेरक अधिक स्रवायला लावण्याचा दावा करणारी, धडधाकट माणसाच्या उंचीसाठी मान्यता नसलेली रसायने, ही त्याच चूर्णाची इंग्रजी शाळेत गेलेली भावंडे होत.

या मालाचे खरे गिऱ्हाईक लहान मुलांचे पालक नसून भरतीची तयारी करणारा तरुण आहे. पोलीस शिपाई व्हायचे तर पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर उंची लागते. वनरक्षकासाठी १६३, आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारास सवलतीने १५२.५. जेथे सरकारी नोकरीची शिडी बहुतेकदा खाकी असते, त्या जिल्ह्यांत पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोराच्या मनात एक सेंटिमीटर कमी असण्याचे दुःख किती खोल असेल याचा अंदाज जाहिरातदाराला अचूक आहे. अडचण अशी, की वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत बहुतेकांच्या लांब हाडांच्या टोकांवरील वाढीची कूर्चा बंद होत आलेली असते, आणि एकदा ती बंद झाली की खरे संप्रेरकही उंची वाढवत नाही. अति झाले तर हाता-पायांची व जबड्याची हाडे तेवढी जाड होतात.

तरीही चूर्णाची ख्याती टिकते, आणि त्यामागे एक गमतीदार शास्त्र आहे. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबत असल्याने प्रत्येक माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर, काही वेळा त्याहूनही थोडा अधिक, उंच असतो. चूर्ण घेण्यापूर्वी संध्याकाळी मोजले आणि महिन्याने उठल्या उठल्या मोजले की गुण आलाच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे तर विचारायलाच नको, कारण त्या वयात वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर वाढण्याचे काम शरीर स्वतःच करत असते आणि श्रेय डब्यावरच्या वैद्यराजांना जाते.

याला कायद्याचा धाक नाही असे मुळीच नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला, आणि ज्या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरातच निषिद्ध आहे त्यांच्या, या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू यांच्या रांगेत ‘व्यक्तीची उंची’ ही नोंद आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्याला वर्षापर्यंत. सत्तर वर्षे उलटली. भिंतींवरचा रंग दर दिवाळीला नवा होतो. त्यातही अधिनियमाच्या कर्त्यांनी एक बारकावा असा ठेवला, की जाहिरातीच्या प्रकाशनात ‘भाग घेणे’ या संज्ञेत जाहिरात छापणेही येते. तेव्हा वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘खात्रीशीर उंची वाढवा’ ही ओळ जुळवणाऱ्या विभागाने, शेजारच्या पानावरचा हा मजकूर वाचायला फुरसत मिळाल्यास, अनुसूचीही एकदा नजरेखालून घालावी. ती फार लांब नाही, पन्नासेक नोंदींची आहे.