कोंबड्यांचं पाणी : नुसतं ओतायचं की बदलायचं?



उन्हाळा आला की आपण गच्चीवर, झाडाच्या फांदीवर पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवतो. त्यावर निबंधही लिहितो. चांगलीच गोष्ट आहे. पण हिवाळ्यात आपल्याच परसातल्या कोंबड्यांच्या भांड्यात काय आहे, हे किती जण वाकून बघतात?

गेल्या डिसेंबरात मी सातवीच्या वर्गात विचारलं, "कोणाकोणाच्या घरी कोंबड्या आहेत?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. "त्यांचं पाण्याचं भांडं शेवटचं कधी घासलं?" सगळे हात खाली! मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी तर आम्ही रोज ओततो की!"

तिचं खरं होतं आणि चूकही नेमकी तिथेच होती. कालच्या उरलेल्या पाण्यावर आज तांब्याभर नवं पाणी ओतलं की भांडं भरलेलं दिसतं. पण तळाची शीट, माती, कुजलेले दाणे तिथेच राहतात आणि कडेला बुळबुळीत थर धरतो. उन्हाळ्यात कोंबड्या भांडं लवकर रिकामं करतात, म्हणून निदान पाणी तरी बदलतं. हिवाळ्यात ते शिळं होत पडून राहतं. म्हणून माझं मत असं की पाण्याची काळजी उन्हाळ्याइतकीच हिवाळ्यातही घ्यायला हवी.

काही जण म्हणतील, "थंडीत कोंबडी पाणी पितेच कमी, मग एवढं कशाला?" थोडा हिशोब करू. मोठी कोंबडी साधारणपणे खाद्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी पिते. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य धरलं तर २०० ते २५० मिलिलिटर पाणी झालं. दहा कोंबड्या असतील तर दोन ते अडीच लिटर. थंडीत अंग गरम ठेवायला ती उलट जास्त खाते. कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो आणि तिथे पाण्यानं भिजून मऊ होतो. पाणी गार आणि घाण असलं की ती पिणं टाळते. पाणी कमी झालं की खाणं कमी होतं आणि मग अंडीही कमी होतात. अंड्याच्या कवचाच्या आत चारांतले तीन हिस्से पाणीच असतं, ते कुठून यायचं?

थंडीत अंडी कमी होण्याचं एक कारण लहान दिवस हेही आहे, ते मी नाकारत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पण अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, म्हणजे तिला पाणी प्यायलाही तेवढेच तास मिळतात. दिवस लांबवणं आपल्या हातात नाही, भांडं घासणं आहे.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दव गोठतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी बर्फासारखं लागतं. म्हणून मी काय करतो ते सांगतो. संध्याकाळी भांडं रिकामं करून राखेनं किंवा काथ्यानं घासतो आणि पालथं घालतो. खुराड्यात रात्री पाणी ठेवत नाही. ते सांडलं की खालचा भुसा ओला होतो, आणि थंडीमुळे बारदान लावून बंद केलेल्या खुराड्यात ती ओल वाळत नाही. रक्ती हगवणीचा रोग शिटेतून पसरतो आणि त्याला ओल फार मानवते. सकाळी दार उघडल्याबरोबर ताजं, कोमट पाणी देतो. उकळतं नव्हे, हाताला सोसेल इतपतच. भांडं विटेवर ठेवतो. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली की पाय आणि शीट आत पडत नाही. पिल्लांसाठी मात्र पसरट ताटली आणि तिच्यात चार खडे, म्हणजे ती भिजत नाहीत. थंडीत भिजलेलं पिल्लू वाचणं कठीण.

"आमच्या आजीच्या कोंबड्या डबक्यातलं पाणी प्यायच्या, त्यांना काही झालं नाही," असंही ऐकायला मिळतं. मग आजीलाच विचारा, दर वर्षी किती कोंबड्या मेल्या? "रोग आला होता" एवढंच उत्तर मिळेल. रोग कुठून आला, हे तेव्हा कोणी पाहिलं नाही. "पाण्याची टंचाई आहे, रोज कसं फेकायचं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं की फेकू नका, कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओता.

आता थोडं मनातलं. पुष्कळ घरांत कोंबड्या आईच्या असतात. अंडी विकून आलेले पैसे हे तिला कोणाकडे मागावे न लागणारे पैसे असतात. तुमची वही, पेन, कधी सहलीची वर्गणी त्यातूनच येते. पहाटे उठून चूल, डबा, शेत सांभाळणाऱ्या आईच्या कामांत हे भांडं राहून जातं. ते काम तुम्ही घ्या. मुलग्यांनीही घ्या, बरं का! पाच मिनिटांचं तर काम आहे.

आठवडाभर एक प्रयोग करा. सकाळी पाणी मोजून ठेवा, संध्याकाळी उरलेलं मोजा आणि अंड्यांची संख्या वहीत लिहा. शेजारी तेवढंच पाणी जाळीनं झाकून ठेवलं तर वाफ होऊन किती उडालं तेही कळेल.

आणि रोज भांडं भरताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे पाणी मी पिईन का? उत्तर "नाही" आलं, तर ते कोंबडीलाही देऊ नका.