न विचारता ठरलेलं

1956 साली नरसी नामदेव हे गाव परभणी जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात होतं. 1 नोव्हेंबरला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. नरसीकरांना कुणी विचारलं नव्हतं. पण दिल्लीत खुद्द अर्थमंत्र्यांनाही विचारलं नव्हतं! मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी मंत्रिमंडळात चर्चा न करताच केली, असा आक्षेप घेत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. घटनेच्या कलम 75 नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. आत कितीही भांडा, बाहेर निर्णय सगळ्यांचा. पटत नसेल तर खुर्ची सोडा. मात्र बैठकीत झालाच नाही, तो निर्णय सगळ्यांचा कसा? पंतप्रधानाला धोरण जाहीर करण्याचा अधिकार आहे, असं नेहरूंचं म्हणणं. आम्ही देशमुखांच्या बाजूने, आणि ते केवळ मराठी म्हणून नव्हे.